माझी पिशवी जाईल, उर्वशीची नाही

एका फेरीत दोन कामं होतील, असं माझे भासरे इसरूभाऊ भर पंगतीत बोलले, आणि बोलताना त्यांच्या मिशीला वरण लागलेलं होतं, हे सगळ्यात आधी नोंदवून घ्यावं. भासरे म्हणजे माझ्या मयत नवऱ्याचे थोरले भाऊ. गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, होती, त्यांच्या अंगणात पाहुणे जेवत होते, रात्री नाटक होतं. मी भात वाढत होते. ते म्हणाले, "कमला, तू तं नागपूरले पोटाचं ऑपरेशन कराले जाऊनच राह्यली. तुही पिशवी काढतीन, तं पोट्टीचीही काढून टाक. एकाच फेरीत दोघींचं होऊन जाईन. असं बी पुढं जाऊ देऊ नये."

पोट्टी म्हणजे माझी मुलगी उर्वशी, वय वीस. पिशवी म्हणजे गर्भाची पिशवी. माझ्या पिशवीत गाठ झाली आहे, तिच्या पिशवीत काहीच झालेलं नाही. मी भाताचं घमेलं खाली ठेवलं आणि त्यांना जे बोलले ते मृत्युपत्रात लिहिता येत नाही, असं वकील म्हणतात. म्हणून बाकीचं लिहिते.

मी, कमला सोमाजी रामटेके, वय बावन्न, धंदा नाटकाचे कपडे भाड्याने देणे, राहणार वडसा, तालुका देसाईगंज, जिल्हा गडचिरोली, पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण रागात, कोणाच्याही दबावाला बळी न पडता, माझ्या मागे काय व्हावं ते या कागदावर लिहून ठेवत आहे. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही. सोमाजी जिवंत असताना माझी इच्छा कळायला कागद लागत नव्हता, ती चौकापर्यंत ऐकू जायची.

शुद्धीत असल्याचा डॉक्टरचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरनं मला विचारलं, आज कोणता वार आहे? मी म्हटलं, तुम्हाला माहीत नाही का? त्यांनी लगेच सही केली. बाजूला बसलेल्या उर्वशीनं वार बरोबर सांगितला, पण तिला कोणी असा दाखला देत नाही.

माझं शिक्षण चौथी पास, तेही गुरुजींनी हात जोडले म्हणून. सुरुवातीचं प्रफुल वकिलांनी सांगितलं तसं लिहिलं. मग ते चहाला गेले आणि मी पुढं लिहीत सुटले. परत येऊन वाचलं आणि म्हणाले, "ताई, हे मृत्युपत्र लिहून राह्यल्या का भांडण करून राह्यल्या?" मी म्हटलं, दोन्ही. कागद एकच आहे.

कलम पहिलं: उर्वशी. वारसांची यादी करताना लोक आधी मुलगा लिहितात. मी मुलगी लिहिते, कारण सगळं तिच्यामुळं अडलं आहे असं सगळ्यांचं म्हणणं आहे.

उर्वशी स्वमग्न आहे. इंग्रजीत ऑटिझम म्हणतात. वेडी नाही, मतिमंद नाही, कोणी करणी केलेली नाही. शेजारपाजारच्या काही बाया म्हणाल्या, मागच्या जन्मीचं पाप आहे. आम्ही बुद्धाची माणसं, मागच्या जन्माची उधारी आमच्याकडे वसूल करत नाहीत. या जन्मीचीच पुरते.

ती लहान असताना ब्रह्मपुरीच्या डॉक्टर हर्षाबाईंनी तपासलं. त्या एकेक विचारत गेल्या. हाक मारली तर बघते का? एकच भाजी रोज मागते का? गर्दीत कान झाकते का? ठरलेलं बदललं तर चिडते का? मनात आलं ते तोंडावर बोलते का? मी म्हटलं, "बाई, हे पोरीचं विचारता का माझं?" कारण मलाही रोज वांगंच लागतं, लग्नात बँड वाजला की मी मोरीत जाऊन बसते, आणि तोंडावर बोलण्याचं काय, आमच्या सासूबाई मरताना म्हणाल्या होत्या, "आता तरी गप रायशीन." हर्षाबाई हसल्या. "कमलाताई, तुमच्यासाठी वेगळा कागद काढू?" मी म्हटलं, नको, एका घरात एक सर्टिफिकेट पुरे.

पण तेव्हापासून मला इसरूभाऊंच्या बोलण्याची भीती वेगळीच वाटते. बी निवडायला बसले तर पहिलं सूप माझ्यावरच फिरवावं लागेल.

कलम दुसरं: बी. हे मालमत्तेचं कलम नाही, पण इथंच लिहिते, नाहीतर विसरेन.

इसरूभाऊ म्हणाले, "धानाचं बी निवडतो का नाई आपण? खराब असन तं बाजूले काढतो. तसंच आहे हे."

भाऊजी, धान निवडतात ते विकायला आणि खायला. माणूस तुम्हाला कोणाला विकायचा आहे? आणि निवडायचंच असेल तर नीट निवडू. रामटेक्यांच्या घरात तीन पिढ्या दारू उतरली आहे. तुमच्या आजोबांना, वडिलांना, तुम्हाला, माझ्या सोमाजीलाही. सोमाजी तर नाटकात भूमिका दारुड्याची नसली तरी दारुड्याचीच करायचा, आणि लोक टाळ्या वाजवायचे. त्या दारूसाठी कोणी कोणाची नस बांधली नाही. बायकोला मारायचं बी तर घरोघरी पेरलेलं आहे, त्याला कोणी हात लावत नाही. आणि जी पोरगी कोणाला मारत नाही, खोटं बोलत नाही, कारण तिला ते जमतच नाही, तिचं बी खराब?

दुसरं ते म्हणाले, "मी तिच्या भल्याचंच सांगून राह्यलो. उद्या कोणी तिच्यासंगं काही केलं तं?" हे ऐकून पंगतीतल्या चार माणसांनी माना डोलावल्या, म्हणून सविस्तर लिहिते. पिशवी काढल्यानं वाईट माणूस थांबत नाही, फक्त त्याचा पुरावा थांबतो. चोराची भीती असेल तर चोराला बांधा. घर काऊन पाडता?

तिसरं, महिन्याचे चार दिवस. "तिले काय समजते?" म्हणे. तिला समजतं. मी समजवायला गेले तेव्हा ओरडाओरड झाली, मुख्यतः माझी. मग बुधरीनं शिकवलं. बुधरी ही एटापल्लीकडची माडिया आदिवासी बाई, माझ्याकडे नाटकाचे कपडे धुते, रंगवते, आणि दिवसभरात मी एका वाक्यात बोलते तेवढं बोलते. तिनं उर्वशीला नुसतं करून दाखवलं, कुठं ठेवायचं, कसं धुवायचं. उर्वशी आता सगळं स्वतः करते. फक्त एक आहे, ती ते सगळ्यांना सांगते. मागच्या वर्षी नाटक कंपनीचे मॅनेजर कपडे ठरवायला आले, तर ही आतून येऊन म्हणाली, "माही पाळी आली." मॅनेजरनं बशी सोडली. माझ्या चांगल्या सेटातली बशी. तर लाज त्यांना आली, फुटली माझी बशी, आणि कापायचं पोट हिचं. हा कोणता न्याय?

कलम तिसरं: उर्वशीचं स्वतःचं म्हणणं. वकील म्हणाले, याची गरज नाही. मला वाटतं, आहे. तिच्या पोटाबद्दल अख्खी पंगत बोलली, तिला कोणी विचारलंच नव्हतं. लाज वाटते लिहायला, मीही नाही. मी तिच्या बाजूनं भांडण्यात गुंतले होते.

घरी आल्यावर विचारलं. ती झाकण फिरवत बसली होती. स्टीलचं झाकण फरशीवर भिंगरीसारखं फिरवते आणि ते पडेपर्यंत कान देऊन ऐकते. मी म्हटलं, "काका म्हणते तुही पिशवी काढाची. काढाची का?"

"पोट माहं आहे," ती म्हणाली. "नको."

मग झाकण थांबल्यावर म्हणाली, "तुही काढून कुठी ठेवतीन?"

"फेकतीन."

"त्याच्यात मी होती."

"होती."

"मंग फेकू नका म्हण त्यायले."

मी गप्प बसले. इतका वेळ गप्प बसले की शेजारच्या पिठाच्या गिरणीवरून चंदा खिडकीत आली आणि तिनं विचारलं, "कमलाबाई, तब्येत बरी आहे ना?"

सबब उर्वशी कमला सोमाजी रामटेके हिचं म्हणणं "नको" असं आहे आणि ते इथं नोंदलं आहे. यावर माझं मत विचारण्याची गरज नाही.

कलम चौथं: घर. वडशाचं घर माझ्या नावावर आहे. माझ्या मागे ते मुलगा अश्वजित याला मिळावं, पण अटीवर. अश्वजित बल्लारपूरला नोकरी करतो, चांगला आहे, घाबरट आहे. अट अशी की उर्वशी मरेपर्यंत या घरात राहील, तिच्या खोलीत ट्रंका आहेत तशा राहतील, आणि तिची पिशवी काढणं, नस बांधणं किंवा असलं कोणतंही काम तिच्या पोटाला गरज नसताना, आपल्या सोयीसाठी, कोणी करणार नाही. गाठ झाली, आजार झाला तर जरूर करा, मी काय डॉक्टरच्या विरुद्ध नाही. मी स्वतःच निघाले आहे.

प्रफुल वकील सांगतात, मुलीचा पालक नेमणं माझ्या हातात नाही, कलेक्टर कचेरीतली समिती ते ठरवते. ठरवू दे. मी फक्त त्या समितीला हात जोडून सांगते, आणि मी सहसा हात जोडत नाही, की अश्वजितनं खाली मागितलेलं उत्तर दिलं तरच त्याचं नाव धरावं.

नाहीतर घर उर्वशीच्या नावावर व्हावं आणि बुधरीनं तिच्यासोबत राहावं. बुधरीला विचारलं आहे. ती म्हणाली, "राहीन. पण भांडी मी घासणार नाही." अट मान्य. मी तिला एकदा विचारलं होतं, तुमच्या लोकांत अशी पोरगी असली तर काय करतात? मला वाटलं, जंगलातलं काही शहाणपण सांगेल. ती म्हणाली, "हसतात." मग म्हणाली, "हसून जेवायला बोलावतात." माझ्या नात्यात हसतातही आणि पंगतीत पोटही कापतात, त्यामानानं बरं.

कलम पाचवं: ट्रंका. हा माझा धंदा, याला ड्रेपरी म्हणतात. झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या या जंगलाच्या मुलखात, दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव नाटकं होतात आणि वडशाच्या कंपन्या माझ्याकडून कपडे नेतात. राजांचे झगे, पोलिसांचे ड्रेस, सासवांची लुगडी, डाकूंचे फेटे, दाढ्या, मिशा, पत्र्याच्या तलवारी. अख्ख्या जिल्ह्यातले राजे माझ्या दोरीवर वाळतात. यातून मी श्रीमंत झाले नाही. सबब पूर्ण जन्म मी भाजी आणली ती पोलिसांच्या जुन्या पँटच्या शिवलेल्या पिशव्यांतून.

ट्रंका आणि धंदा बुधरीला. तिलाच कळतं कोणत्या राजाला उन्हात टाकायचं नाही. मात्र तीन वस्तू वगळून, आणि पुढं कोणाच्या नावे काही लिहिलं तर तेही वगळून.

पहिली वस्तू, ऋषीची पांढरी दाढी. ती भाड्याने देऊ नये. ती उर्वशीची आहे. गर्दीत, गाडीत, दवाखान्यात उर्वशी ती हातात धरून कुरवाळते आणि तिला बरं वाटतं. एका कंपनीनं लई मागितली, दिली नाही. त्या रात्री त्यांचा ऋषी डाकूची काळी दाढी लावून शाप द्यायला उभा राहिला आणि राजानं आधी पैशाची थैलीच पुढं केली. लोक अजून त्या नाटकाचं नाव काढतात. माझं काही चुकलं असं मला वाटत नाही.

दुसरी, राजाचा निळा मखमली झगा. तो उर्वशी घालते, पण उलटा. आतलं अस्तर खरखरतं, शिवणी टोचतात, म्हणून आतबाहेर करून घालते. मखमल तिच्या अंगाला, अस्तर जगाला. अस्तर मळकं आहे, शिवणी दिसतात, लोक तेवढंच पाहतात. मला सुरुवातीला लई लाज वाटायची, मी तो सुलटा करून तिला घालायचे आणि ती काढून फेकायची, आम्ही दोघी थकेपर्यंत. एक दिवस मी रागारागानं स्वतः तो उलटा घालून पाहिला. मग दुपारभर काढला नाही. झगा तिलाच राहील.

तिसऱ्या वस्तूचं शेवटी सांगते.

लोक विचारतात, हिच्यात काही खास हुशारी असेल ना? फोनवर दाखवतात म्हणे, अशी लेकरं पेटी वाजवतात, चित्रं काढतात. माझी झाकणं वाजवते. खास काही नाही. मीही काही खास नाही, इसरूभाऊ तर अजिबातच नाहीत, आणि आम्हा दोघांना कोणी जगायचं कारण विचारत नाही. तिलाही विचारू नये.

कलम सहावं, की सातवं, वकील लावून घेतील: रिनाची सोयरीक. आता इसरूभाऊंनी बसून वाचावं.

त्या मंडईत पाहुणे आले होते ते इसरूभाऊंची मुलगी रिना हिला पाहायला. आमच्याकडे मंडईत नाटक हे निमित्त असतं, सोयरिकी पंगतीत जुळतात. चिमूरची मंडळी होती, मुलाची आई संघप्रियाबाई. सकाळीच इसरूभाऊ मला म्हणाले, "पोट्टीले आज कोठ्यात बसव. पाहुणे जाईपर्यंत." कोठ्यात म्हणजे जिथं धान ठेवतात त्या खोलीत. मी म्हटलं, तिला बसवता तर मलाही बसवा, माझं बोलणं ऐकून पाहुणे आधी पळतील. ते विचारात पडले होते.

उर्वशी जेवणाच्या वेळी बाहेर आली. उलटा झगा, हातात दाढी. सरळ संघप्रियाबाईंपुढं बसली आणि जे सगळ्यांना विचारते ते विचारलं, "तुमच्या घरी कुकर किती शिट्या देते?"

"तीन," संघप्रियाबाई म्हणाल्या.

"आमच्या घरी चार," उर्वशी म्हणाली, आणि जेवायला लागली. तिच्या दृष्टीनं ओळख झाली होती.

संघप्रियाबाईंनी मला हळूच विचारलं, "हिचं काय आहे?" मी म्हटलं, "हिचं सगळं आहे. स्वमग्न आहे." त्या उर्वशीला जेवताना बघत राहिल्या. मग इसरूभाऊंना वाटलं, आता घराण्याची बाजू सांभाळली पाहिजे, म्हणून त्यांनी ते एका फेरीचं भाषण केलं, पाहुण्यांना ऐकू जाईल असं. आम्ही असलं पुढं चालू देत नाही, हे पाहुण्यांना कळावं म्हणून.

दोन दिवसांनी चिमूरहून निरोप आला, सोयरीक नको. इसरूभाऊंनी अख्ख्या गावात सांगितलं, कमलाच्या पोरीनं माझ्या पोरीचं लग्न मोडलं. मी ऐकून घेतलं. मी कधी ऐकून घेत नाही, पण तेव्हा मला वाटलं, असेलही.

नंतर संघप्रियाबाईंचा फोन आला. त्यांच्याही घरी एक आहे, नवरदेवाचा धाकटा भाऊ. त्यांच्या मंडईत त्याला आतल्या खोलीत बसवतात आणि बाहेरून कडी लावतात. त्या म्हणाल्या, "तुमची लेक माझ्यासमोर बसून जेवली न बाई, तं मले माहा पोरगा आठवला. सोयरीक मी तिच्यापायी नाई मोडली. ते म्हातारे जे बोलले ना, पिशवी काढा, बी पुढं जाऊ देऊ नका, तवा मी इचार केला, उद्या हे माह्या पोराचं काय काय काढतीन?"

मी विचारलं, हे कोणाला सांगू का? म्हणाल्या, "सांगा. नाव घेऊन सांगा. लपवून पाहून झालं माहं."

तर भाऊजी, लग्न तुमच्या भाषणानं मोडलं. ज्या पोरीला कोठ्यात ठेवायला निघाला होता, तिनं अर्धं जुळवलं होतं. आणि रिना त्या मुलाशी अजून फोनवर बोलते, हेही तुम्हाला आताच कळलं असेल. तिला रागावू नका. राणीचं हिरवं लुगडं, खऱ्या जरीचं, मी तिच्या नावे लिहून ठेवते. लग्न झालं तर नेसेल, नाही झालं तरी नेसेल. इसरूभाऊंना माझ्याकडून डाकूची काळी मिशी. त्यांच्या स्वतःच्या मिशीला वरण फार लागतं, ही धुता येते.

बँकेत जे काही असेल ते. त्यातून आधी माझं पुरणं, मग उर्वशीचं जेवण. ते संपलं की कलम संपलं.

माझ्या मागे काय करावं. लाउडस्पीकर लावू नये, तिचे कान दुखतात. त्रिशरण पंचशील हळू आवाजात म्हणावं, बुद्ध ऐकतो. बायांनी तिला छातीशी धरून रडू नये. तिला ते आवडत नाही आणि मलाही कधी आवडलं नाही, हे तुम्हा सगळ्यांना माहीत असूनही माझ्या नवऱ्याच्या वेळी केलंत. आणि "आई गावाले गेली" असं तिला सांगू नये. ती स्टेशनवर जाऊन बसेल, आणि तिला कंटाळा येत नाही, हे लक्षात ठेवा. "आई मेली" असं सांगावं. एकदा, सरळ. ती विचारेल तितक्या वेळा तेच सांगावं. मग कुकर लावावा.

तिसरी वस्तू. माझ्या सुनेचं नाव दिव्यानी. तिला सहावा महिना आहे. त्या पंगतीनंतर ती मोरीपाशी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "आई, राग नका मानू. आमचं बाळ तसं असलं तं?" विचारायला तिचा जीव गेला असेल. घरात कोणीतरी तिला आधीच सांगितलं होतं, तपासून घ्या, तसं निघालं तर वेळेत बघता येईल. पोटातच ओळखता येईल अशी तपासणी नाही, हे हर्षाबाईंनी मला सांगितलं आहे. असती तरी मला विचारू नका. माझ्या वेळी असती आणि इसरूभाऊ दाराशी उभे असते, तर मी काय केलं असतं, हे मला माहीत नाही, म्हणून मी कोणापुढं फुशारकी मारत नाही. पण आता माहीत आहे कोण आली. ती नसती तर घरात बोलणारी मी एकटीच उरले असते. विचार करा, काय हाल झाले असते सगळ्यांचे.

दिव्यानीला मी तेव्हा उत्तर दिलं नाही, कारण मला रडू येत होतं आणि माझा चेहरा रडताना पाहण्यासारखा नसतो. आता देते. ट्रंकेत तळाशी राजपुत्राचा छोटा झगा आहे, लाल, मखमली. तो येणाऱ्या बाळाला. ते सुलटा घालो की उलटा. कोणी सरळ करू नये.

हा कागद वाचून, समजून, आणि दोनदा चिडून मी सही केली आहे. साक्षीदारांपुढं सही केली आणि साक्षीदारांनी माझ्यापुढं. एकेक प्रत अश्वजित आणि इसरूभाऊंना आजच पाठवत आहे, कारण मेल्यावर भांडायला मला मजा येणार नाही.

ठिकाण: वडसा, माझा ओटा
दिनांक: १२ जानेवारी २०२५, रविवार

सही: कमला सोमाजी रामटेके

साक्षीदार:
१) चंदा बळवंत मेश्राम, पिठाची गिरणी, शेजारीण. (सगळं खिडकीतून आधीच ऐकलेलं आहे.)
२) डॉ. हर्षा नाकाडे, ब्रह्मपुरी.

प्रफुल वकील म्हणाले, सहीच्या खाली काही लिहायचं नसतं. म्हणून हे मृत्युपत्रात धरू नये. हे अश्वजितसाठी आहे.

अश्वजित, काका बोलले तेव्हा तू त्यांच्या बाजूच्या पाटावर होता. मी घमेलं ठेवलं, दिव्यानीनं मान खाली घातली, चिमूरच्या बाईंचा हात थांबला. तुझा घास थांबला नाही. तू वरण मागितलं. मी त्यावर इतके दिवस बोलले नाही, म्हणजे किती राग आहे ते समजून घे. नंतर फोनवर म्हणाला, "आई, डॉक्टर म्हणते सोपं असते ते." सोपं कोणाला? लहानपणी ही तुझं बोट सोडत नव्हती म्हणून तू शाळेत उशिरा जायचा आणि मास्तरचा मार खायचा, पण बोट सोडवायचा नाही. तो पोट्टा कुठी गेला, मले सांग.

माझं ऑपरेशन सत्तावीस तारखेला आहे. सोमवारी, वीस तारखेला, संध्याकाळच्या गाडीनं वडशाला ये. दिव्यानीला आणू नको, गाडीत धक्के बसतात. फोनवर "पाहू न आई" चालणार नाही. उर्वशीसमोर बसायचं आणि तिला सांगायचं, तिची पिशवी तिच्याजवळ राहील की नाही, आणि तू तिचा राहशील की नाही. ती आधी तुला कुकरच्या शिट्या विचारेल. त्याचं उत्तर आधी दे, मग माझं.

कुकर मी तू आल्यावरच चढवीन. चौथी शिटी व्हायच्या आत मले हो का नाई ते पाहिजे.